येफिमचं गाणं

डोम्नाने मास्तरला बर्फगाडीवरून फिरवायचं कबूल केलं, तेव्हा गावातल्या बायकांना वाटलं की हिला त्याची दया आली असावी. दया! डोम्नाकडे दया होती, नाही असं नाही. पण ती रेनडिअरच्या पाडसांसाठी आणि फार तर चर्चची घंटा वाजवणाऱ्या बहिऱ्या म्हाताऱ्यासाठी राखून ठेवलेली. बाकीच्यांच्या वाट्याची होती ती तिचा भाऊ ओंद्रेई गेला त्या हिवाळ्यातच संपली.

मास्तर काही खरा मास्तर नव्हता. नाव त्याचं राउनो. दक्षिणेकडच्या कुठल्याशा विद्यापीठातून आलेला, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि पायांत असले बूट की बर्फाला आत शिरायला परवानगीही मागावी लागू नये. प्रश्न फार विचारायचा, म्हणून फेदोस्या आजीने पहिल्याच दिवशी त्याला मास्तर करून टाकलं आणि तेच चिकटलं. त्याच्याजवळ एक टेपरेकॉर्डर होता. थंडीने त्याच्या बॅटऱ्या मान टाकत, म्हणून तो त्या कोटाच्या आत, पोटाशी धरून बसे. सुओलो सरोवराच्या काठाकाठाने घरोघरी जाऊन जुनी गाणी गोळा करायची, आणि बर्फ फुटायच्या आत परत फिरायचं, असा त्याचा बेत होता. घरं अशी विखुरलेली की एका घरचा कुत्रा दुसऱ्या घरी ऐकू जायला वारा लागतो. गाडीशिवाय आणि वाट माहीत असलेल्या माणसाशिवाय तो पहिल्या खाडीतच गोठला असता.

"मी नेते," डोम्ना म्हणाली होती. "पण कुठल्या घरी कधी जायचं ते मी ठरवणार. आणि सगळ्यांत शेवटी येफिमकडे."

"येफिमला खूप गाणी येतात का?"

"एकही येत नाही."

मास्तरला काही कळलं नाही, पण गाडी तिची होती. त्याने मान डोलावली.

सुओलोच्या काठावर गाणी माणसांवर होतात. देवावर नाही, निसर्गावर नाही, माणसांवर. कोण कसा चालतो, कोणाची बोट कुठे बुडाली, कोण कोणाची बायको पळवायला गेला आणि चुकून सासूला घेऊन आला. आणि ज्याच्यावर गाणं केलं, ते त्याचं. करणारीचं नव्हे, गाणारीचं तर नव्हेच. ते कुठे गायचं आणि कुठे नाही, हा शब्दही त्याचाच. माणूस मरून जातो, पण त्याचं गाणं पुढे कितीतरी वर्षं या घरातून त्या घरात कॉफीला जात राहतं.

याच गाण्यांत एक जात आणखी असते. ती क्वचित होते, कारण ती करणाऱ्याच्या काळजात तेवढी आग असावी लागते. ज्याने आपलं वाईट केलं त्याच्यावरचं गाणं. ते त्याच्या पाठीमागे गायलं तर ती नुसती चहाडी. ते त्याच्या घरात, त्याच्या तोंडावर, एखाद्या परक्या माणसाच्या साक्षीने गायचं असतं. एकदा सुरू झालं की कुणी उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. जो उठला त्याने कबूल केलं असं समजतात. आणि मेलेल्या माणसावर ते गाता येत नाही. तो मेला की गाणंही करणाऱ्याच्या पोटातच मेलं.

डोम्नाच्या पोटात असं एक गाणं होतं. ओंद्रेईला पुरलं त्याच रात्री तिने पहिली ओळ केली, आणि तेव्हापासून ती त्याला धार लावत होती. मासे साफ करताना, दूध तापवताना, चर्चमध्ये उभं असताना. मुश्कील एवढीच होती की वैऱ्याच्या घरात आपण होऊन पाऊल टाकता येत नाही, आणि येफिमच्या बायकोने, मारफाने, तिला बोलावलं असतं तर सरोवराला आग लागली असती. पण पाहुण्याला घेऊन येणारा तो पाहुणाच. त्याला दार बंद करता येत नाही.

शिवाय घाई होती. जानेवारीत पाद्रीबाबा बर्फ फोडून पाण्याला आशीर्वाद द्यायला आले, तेव्हा डोम्नाने येफिमला खोकताना पाहिलं. त्याने रुमाल तोंडाला लावला, पाहिला आणि घाईघाईने खिशात कोंबला. मेला तर सुटला! त्या दिवसापासून ती दर रविवारी येफिमच्या तब्येतीसाठी मेणबत्ती लावत होती. पाद्रीबाबांना वाटलं, हिचं मन निवळलं. ते तिच्या पाठीवरून हात फिरवून गेले, आणि डोम्ना मनातल्या मनात म्हणाली, "हे देवा, उन्हाळ्यापर्यंत जगव त्याला. नंतर तुझं तू बघ."

झालं होतं ते असं. सरोवराच्या मधोमध एक बेट आहे आणि बेटावर लाकडाची एक खोली. ती कुणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची. दाराला कुलूप नाही. तिथे कुणीही झोपावं; पण निघताना चूल रचून जावं. चुलीत सुकी लाकडं, त्यांखाली ढलप्या, ढलप्यांखाली भूर्जाची साल, आणि शेजारी काडेपेटी, तीही एक काडी अर्धी बाहेर काढून. कारण पुढचा माणूस कसा येईल सांगता येत नाही. बोटं मेलेली असतील तर त्याला ती काडी दातांनी ओढता आली पाहिजे. हे सुओलोला पोरं बोलायला लागायच्या आधी शिकतात.

येफिम आणि ओंद्रेई जाळ्यातले जोडीदार होते. बर्फाखाली जाळी एकत्र टाकायची, एकत्र ओढायची, मासे अर्धे अर्धे. त्या आठवड्यात ओंद्रेई घरी होता आणि येफिम एकटाच बेटावर. सकाळी येफिम मासळीने भरलेली स्लेज घेऊन काठाला आला. मासळी न्यायला विमान उतरणार होतं. डोम्ना तिथेच मासे चिरत बसली होती. "रात्री बेटावर झोपलो," तो हसत म्हणाला, "विमान चुकेल म्हणून उठलो तो तसाच निघालो." दुपारी ओंद्रेई उरलेली जाळी बघायला गेला. दोन बेटांमधल्या अरुंद जागी, जिथे खालून प्रवाह वाहतो, तिथे बर्फ खचला. तो वर आला, ओल्या कपड्यांनी बेटापर्यंत पोचला, खोलीत शिरला. चुलीत राख होती. लाकडांची पेटी झाडून पुसून रिकामी. कुऱ्हाड दाराशीच होती, पण गोठलेल्या बोटांनी कुऱ्हाड धरता येत नाही. त्याने सुरी दोन्ही तळव्यांत दाबून बाकाच्या फळीच्या ढलप्या काढायचा प्रयत्न केला होता. सगळ्या काड्या जळालेल्या. ढलप्या ओल्या बाह्यांतून ठिबकलेल्या पाण्यात पडलेल्या.

शोधायला गेलेल्यांत डोम्ना होती. येफिमही होता. बेटाकडे जाणाऱ्या-येणाऱ्या खुणा दोन माणसांच्याच होत्या, मधे बर्फ पडला नव्हता. त्या खुणा सगळ्यांनी पाहिल्या. "मी तर चूल रचून आलो होतो," येफिम म्हणाला. "कुणी परका शिकारी येऊन गेला असणार." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या! जाळ्यातल्या जोडीदारावर असला आळ कोण घेणार? ओंद्रेईला येफिमच्याच स्लेजवरून घरी आणला. डोम्ना मागून चालत होती आणि येफिमच्या पाठीकडे बघत होती. तेव्हापासून तिने त्या पाठीवरची नजर काढली नाही.

फेरीतलं पहिलं घर फेदोस्या आजीचं. आजी हसत हसत गायली, आपल्या नवऱ्यावरचं. मिठाच्या पिंपात पडलेला नवरा, आणि बायको आधी मासे वाचवते की त्याला. मास्तर हसता हसता चष्मा पुसू लागला.

"खरंच असं झालं होतं का आजी?"

"झालं होतं म्हणजे? मासे खारट झाले की रे सगळे!" आजी म्हणाली आणि काळ्या भाकरीवर लोणी थापत डोम्नाकडे वळली. "काय गं, याला शेवटी येफिमकडे नेणार म्हणे?"

"वाटेतच आहे."

"वाटेत? येफिमचं घर सरोवराच्या शेपटाला. ते वाटेत कधीपासून यायला लागलं?"

"या वर्षीपासून."

आजीने लोण्याची सुरी खाली ठेवली. "जाऊ दे गं बाई आता. म्हातारा झालाय तो."

"म्हणूनच घाई आहे," डोम्ना म्हणाली.

निघताना आजीने मास्तरच्या बुटांत सुकं गवत कोंबून दिलं आणि त्याच्या कानात म्हणाली, "ही गायला लागली की तू उठू नकोस हं. शू लागली तरी." मास्तरला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे.

आणखी घरं झाली. कुणी गायलं, कुणी लाजलं, एका घरात नवराबायको गाणं कुणाच्या काकांवर आहे यावरून भांडले आणि मास्तरला गाण्याऐवजी भांडणच टेप करून मिळालं. डोम्ना दर घरी कोपऱ्यात बसून कॉफी पीत राहिली. मास्तर विचारायचा, "तुम्ही नाही गाणार?" ती म्हणायची, "माझा घसा मी जपून ठेवलाय."

येफिमच्या घरी ते भर दुपारी पोचले. एप्रिलचं ऊन बर्फावर पडलेलं, डोळे उघडवत नव्हते. दारात मारफा उभी होती. डोम्नाला पाहून तिचा हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला.

"या," शेवटी ती मास्तरकडे बघून म्हणाली. आणि मग, नाइलाजाने, "तूही ये."

आत येफिम खिडकीशी जाळं दुरुस्त करत बसला होता. किती वाळला होता! खांदे कोटाच्या खुंट्यांसारखे वर आलेले. पण जाळं विणायची सुई त्याच्या बोटांत तशीच पळत होती. त्याची लग्न झालेली मुलगी कात्री माहेरी आली होती, ती कॉफीची भांडी मांडत होती.

"ये डोम्ना," येफिम म्हणाला. "रस्ता सापडला म्हणायचा."

"मास्तरला सापडला. मी नुसती गाडी चालवते."

"बस. साखर घे. दाताखाली धरून पितेस ना अजून?"

"तू धरतोस. मी कधीच धरत नव्हते."

येफिम हसला, आणि हसण्याचं खोकल्यात रूपांतर झालं. मारफाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. डोम्ना कान लावून ऐकत होती. खोकला खोल होता, पण आज मरण्याइतका नव्हता. मेणबत्त्या लागू पडल्या होत्या.

मास्तरने यंत्र टेबलावर मांडलं, फितीच्या दोन चकत्या चढवल्या, पोटाशी धरलेल्या बॅटऱ्या बसवल्या. "काका, तुम्ही काही गाल का?"

"मी? छे. आमच्या घराण्याला घसाच नाही. आणि माझ्यावर कुणी गाणंही केलं नाही कधी. फेदोस्याच्या नवऱ्यावर झालं, त्या चोरट्या सिमोनवर झालं, त्याच्या बैलावर झालं. माझ्यावर नाही. गाण्यासारखं काही घडवलंच नाही बघ मी आयुष्यात."

"एक आहे," डोम्ना म्हणाली.

"कशाचं?"

"तुझ्यावरचं. गाणं."

येफिमच्या हातातली सुई थांबली. आणि मग, डोम्नाला हे नंतर किती वेळा आठवलं, त्याच्या चेहऱ्यावर एखाद्या पोराच्या चेहऱ्यावर यावा तसा आनंद आला. "माझ्यावर? कुणी केलं?"

"मी."

मारफाने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. तिला कळलं होतं. पण नियम तिलाही माहीत होता. ती बाकावर बसली आणि तिने हात मांडीत घट्ट धरले.

"मास्तर, लाव तुझं यंत्र," डोम्ना म्हणाली. चकत्या फिरायला लागल्या. तिने डोळे मिटले नाहीत. ती येफिमकडे बघून गायली.

*येफिम येतो, येफिम येतो, बेटावरून येतो गं,*
*लाल टोपी तिरकी त्याची, पुढे पळते मुस्ती गं,*
*स्लेज भरली चांदीनं, चांदी पांढऱ्या माशांची,*
*वाट बघती काठावरती पोरी साऱ्या गावाच्या.*

सुरुवात गोड करायची असते. जेवढी गोड तेवढा पुढचा घाव खोल. डोम्नाने त्यात त्याची सगळी तरुणाई ओतली होती. तो बर्फावर कसा एक खांदा पुढे काढून चालायचा, भोक पाडण्याआधी बर्फाला कान कसा लावायचा, मुस्ती नावाची काळी कुत्री त्याच्या मागे न चालता पुढे चालून मधूनच वळून कशी बघायची. कात्री हसून बापाकडे बघत होती. येफिम बोटाने टेबलावर ताल धरत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. भरू देत, डोम्नाला वाटलं. अजून भरू देत.

मग तिने आवाज खाली आणला.

*बेटावरच्या चुलीला विचारा, येफिमनं काय ठेवलं?*
*राख ठेवली, राख ठेवली, दुसरं काय ठेवलं?*
*दाराशी होती कुऱ्हाड, मागं सुकं झाड,*
*येफिमला होती घाई गं, विमान गाठायचं त्याला.*

बोट थांबलं. कात्रीचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं, ते कुठे न्यावं हे तिला कळेना. मास्तरच्या लक्षात आजीचं बोलणं आलं असावं. तो श्वास धरून बसला.

*मागून आला ओला माणूस, हात त्याचे लाकडाचे,*
*दातांनी ओढी काडी तो, पेटवायचं काय गं?*
*बाक कोरला सुरीनं, सुरी धरली तळव्यांत,*
*मुस्ती घरी, येफिम घरी, कॉफी होती ऊन गं.*

ती कडव्यामागून कडवं गात गेली. बाकाची फळी, ढलप्या, पाणी, जळून गेलेल्या काड्या. दोन माणसांच्या खुणा, आणि त्या पाहून माना खाली घालणारी माणसं. स्लेजवरून आणलेला ओला माणूस आणि पुढे चालणाऱ्याची पाठ. शेवटी फक्त एकच ओळ ती पुन्हा पुन्हा गायली: *येफिमनं काय ठेवलं, येफिमनं काय ठेवलं.* मग ती थांबली.

इतकी वर्षं ती या क्षणाची वाट बघत होती आणि तो आला तेव्हा तो तिने योजला होता तसाच आला. खोलीत फक्त चकत्यांची घरघर होती. येफिमचा चेहरा राखेसारखा झाला होता. डोम्नाला अंगभर ऊब वाटली, आपल्याच जळत्या घरावर हात शेकावेत तशी ऊब, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

"बाबा?" कात्री म्हणाली.

येफिमने जाळं मांडीवरून बाजूला केलं. "हो," तो म्हणाला. "मीच. परवा परत जायचंच होतं, म्हटलं लाकडं तेव्हा फोडीन. परवा."

"आणि मला सांगितलंस शिकारी आला होता," मारफा म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "त्या शिकाऱ्याला मी रोज शाप देत आले. रोज, येफिम. प्रार्थनेच्या वेळी." ती उठली, येफिमसमोरची कॉफी तिने उचलली आणि नेऊन खरकट्याच्या बादलीत ओतली. कप पालथा घालून ठेवला. त्या घरात त्याला पुन्हा कधी कॉफी मिळेल की नाही हे डोम्नाला माहीत नव्हतं, पण तो कप तिने डोळे भरून पाहून घेतला.

आता एकच राहिलं होतं. डोम्ना मनातल्या मनात या जागी आली की तिथे सगळ्यांत जास्त रेंगाळायची. आता येफिम गयावया करणार. गाणं त्याचं आहे, पुसून टाक म्हणण्याचा हक्क त्याचा आहे. तो मास्तरच्या पाया पडेल, पूस रे बाबा ते, माझ्या नातवंडांच्या कानावर पडू देऊ नकोस. आणि ती म्हणेल, पूस खुशाल. पण याने पुसायला लावलं हे मी सगळ्या सरोवराला सांगणार.

मास्तरने घसा साफ केला. त्याला रीत शिकवून ठेवलेली होती. "काका, हे गाणं तुमचं. तुम्ही म्हणाल तर मी पुसून टाकतो."

"परत लाव," येफिम म्हणाला.

"काय?"

"पहिल्यापासून लाव."

मास्तरने डोम्नाकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. घावावर पुन्हा घाव हवा असेल तर घे. यंत्रातून तिचाच आवाज आला, थोडा चिरका. येफिम पुढे झुकून ऐकत होता. मुस्ती आली तेव्हा त्याने तोंडावर हात धरला. राख आली तेव्हाही त्याने हात काढला नाही. गाणं संपेपर्यंत गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्याने ते पुसलं नाही.

"मुस्तीलाही विसरली नाहीस तू," तो म्हणाला. "वळून बघायची ती. मी विसरलो होतो गं. आणि बर्फाला कान लावायचो, तेही. हे सगळं तुला कसं दिसलं?"

"बघत होते," डोम्ना म्हणाली. "तू मरेपर्यंत बघणार होते."

"माझ्या आईनंही माझ्याकडे एवढं बघितलं नाही." तो खोकला, थांबला. "मास्तर, पुसू नकोस. ने. खरं आहे ते, सगळंच्या सगळं. ते माझं आहे. माझ्यामागं एवढं तरी राहील." मग डोम्नाकडे न बघता तो म्हणाला, "ओंद्रेईला आवडलं असतं. पोरी वाट बघतात त्या ओळीला तो असा हसला असता की…" त्याने हात हवेत हलवला.

डोम्नाच्या कानशिलाशी रक्त उसळलं. ती त्याला नागवा करायला आली होती आणि हा मेला कोट मिळाल्यासारखा बसला होता! ती ताडकन उठली. "चल मास्तर."

बाहेर गाडी सुरू करताना कात्री दारात आली. तिचे डोळे लाल होते. पण तिच्या नकळत तिच्या नाकातून ती चाल गुणगुणत बाहेर येत होती. येफिम येतो, येफिम येतो. आठवड्याभरात ती चाल फेदोस्याकडे पोचणार, उन्हाळ्यात पलीकडच्या खाडीत. आणि डोम्नाला माहीत होतं की लोक आधी कुठलं कडवं शिकतात. सोपं असतं ते. गोड असतं ते.

सरोवराच्या मध्यावर तिने गाडी थांबवली. इंजिनाला विसावा हवा, असं म्हणाली. मास्तर मागच्या स्लेजवरून उतरला आणि तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"त्या गाण्यातला ओला माणूस," त्याने विचारलं. "तो तुमचा भाऊ ना?"

"ओंद्रेई."

"नाव गाण्यात नाही."

"गाणं येफिमचं आहे. त्यात याचं नाव कशाला येईल?"

"मग ओंद्रेईचं कुठलं? त्याचंही ऐकायला आवडेल मला. थोडी फीत उरली आहे."

डोम्नाने त्याच्याकडे पाहिलं. इतका साधा प्रश्न, आणि तो इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. तिने स्वतःलाही नाही. ओंद्रेईवर गाणं नव्हतं. कुणी केलंच नव्हतं. केलं असतं तर तिनेच करायचं होतं. मागे तेवढी एकटीच तर उरली होती.

"लाव," ती म्हणाली. "आत्ता करते. त्याला काय लागतं?"

मास्तरने यंत्र स्लेजवर ठेवलं. चकत्या फिरायला लागल्या. डोम्नाने तोंड उघडलं. माणूस चालतो कसा, तिथून सुरू करायचं असतं. ओंद्रेई चालायचा कसा? तिने डोळे मिटले आणि तिला एक खांदा पुढे काढून चालणारा माणूस दिसला. तो येफिम होता. कॉफी कशी प्यायचा? साखर दाताखाली धरून, तोही येफिमच. ओंद्रेईचे तिला हात दिसले, गोठलेले. सुरी दिसली. दाढीवरचा बर्फ दिसला. त्याच्या आधीचं काही दिसेना. तिने जोर लावला, कपाळावर मुठी दाबल्या. डोळे कसे होते? आईसारखे, असं लोक म्हणायचे. घरात शिरताना काय म्हणायचा? काहीतरी म्हणायचा, रोज तेच म्हणायचा, आई चिडायची. तिने नुसता सूर लावला, म्हटलं सुरामागून येईल. सूर आला तो येफिमच्या गाण्याचा.

"सांगा ना," मास्तर हळूच म्हणाला. "हसायचा कसा?"

हे एकालाच ठाऊक होतं. तिला ते पक्कं कळलं. गाडी वळवली असती तर ऊन उतरायच्या आत ती त्याच्या दारात असती, आणि त्याने सगळं सांगितलं असतं. आनंदाने सांगितलं असतं, हातवारे करून, हसून दाखवून. ओंद्रेईला त्याने एकदा स्लेजवरून आणून दिला होता, आता पुन्हा एकदा आणून दिला असता.

"बंद कर," डोम्ना म्हणाली.

"परत जाऊ या का? येफिमकाका म्हणत होते की…"

"त्याच्या हातून घेऊ? माझा भाऊ, त्याच्या हातून?" ती किंचाळली, आणि सपाट बर्फावरून तो आवाज कुठेच न आपटता निघून गेला. "विसरले तर विसरले. मेला तो. दोनदा मेला म्हणेन मी. पण त्या दारात विचारायला जाणार नाही."

तिने दोरी ओढून इंजिन सुरू केलं आणि गाडीचं तोंड घराकडे केलं. मास्तर घाईघाईने यंत्र गुंडाळून मागे बसला. वाटभर ती रडत होती, रागाने, मोठमोठ्याने, आणि इंजिनाच्या आवाजात ते मास्तरला ऐकू गेलं नाही.